वाऱ्यानं धरून ठेवलेली गाडी

"पाणी ढकलतं, ओढत नाही," नात ठासून म्हणाली. मी म्हटलं, "आतून एक चमचा घेऊन ये आणि नळ सोड."

दहिवलीच्या आमच्या घरामागे धुण्याचा दगड आहे, त्याच्यावर नळ. चमच्याचा दांडा टोकाशी दोन बोटांत अगदी सैल धरायचा, चमचा खाली लोंबू द्यायचा आणि त्याची फुगीर पाठ हळूहळू धारेजवळ न्यायची. धार लागली की चमचा पलीकडे उडेल, असं तिला वाटत होतं. पाठ धारेला जेमतेम टेकली आणि चमचा आत खेचला गेला. तिनं हात मागे घेतला, तरी चमचा धार सोडेना. तिनं पुन्हा करून पाहिलं, मग धाकट्यानं हिसकावून करून पाहिलं, आणि दोघंही माझ्याकडे बघत उभी राहिली.

चमच्याकडे बघू नका, धारेकडे बघा, असं मी सांगितलं. सरळ खाली पडणारी धार चमच्याच्या पाठीला चिकटून तिच्याबरोबर वळली होती आणि तिरपी होऊन चमच्याच्या बाजूला पडत होती. चमच्यानं पाण्याला आपल्याकडे वाकवलं, म्हणून पाण्यानं चमच्याला आपल्याकडे ओढलं. जो वाकवतो तो उलट्या बाजूला ओढला जातो. न्यूटननं हे नियम म्हणून लिहून ठेवलं. आणि पाणी जसं वळतं तशी हवाही वळते, फक्त ती दिसत नाही.

पाऊस उघडला होता आणि घाटाच्या बाजूनं एक घार येऊन नदीवर घिरट्या घालत होती. पंख एकदाही हलत नव्हता. मी म्हटलं, तिचा पंख वरून फुगीर आहे, चमच्याच्या पाठीसारखा. हवा त्या पाठीला चिकटून मागच्या बाजूनं खाली वळते. घार हवेला खाली वाकवते आणि हवा घारीला वर धरते.

नात थोडा वेळ घारीकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "आबा, आणि पंख उलटा लावला तर?"

या प्रश्नाची मी कितीतरी वर्षं वाट बघत होतो. कारण उलट्या पंखाच्या एका गाडीची गोष्ट माझ्याजवळ आहे. ती तिच्या बाबांना ठाऊक आहे, तिला नव्हती.

*

गोष्टीच्या आधी एक अडचण समजून घ्या. मी कर्जतला बँकर इंजिनांवर नोकरी केली. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून लावायची ती इंजिनं. भोर घाटात सदतीस मीटर पुढे जाताना एक मीटर चढावं लागतं आणि आगगाडीसाठी हा चढ फार मोठा. पुढचं इंजिन ओढतं, मागचे बँकर ढकलतात, तेव्हा गाडी वर जाते. एकेक इंजिन सव्वाशे टनांच्या आसपास. एवढं वजन कशाला? तर लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरू नये म्हणून. पावसात तेही पुरत नाही, मग इंजिनातून चाकापुढे वाळू सोडावी लागते. चाकाची पकड म्हणजे काय, हे मी त्या वाळूच्या करकरीतून शिकलो.

धाकटा म्हणाला, "मग शर्यतीची गाडीही जड करायची!"

इथेच पेच आहे. वजन वाढवलं की पकड वाढते, पण वळणावर तेच वजन सरळ जायला बघतं. भाताच्या पोत्यांनी भरलेली हातगाडी पुलाच्या उतारावर वळवून बघा, म्हणजे कळेल. शर्यतीच्या गाडीला जमिनीवर दाबणारा जोर हवा असतो, पण वळवताना खांद्यावर बसणारं वजन नको असतं. म्हणजे तिला हवं असतं बिनवजनाचं वजन. ते कुठून आणायचं? हवेतून. घारीचा पंख उलटा करायचा, फुगीर पाठ खाली. मग तो हवेला वर वाकवतो आणि हवा गाडीला खाली दाबते. शर्यतवाले त्याला डाउनफोर्स म्हणतात. पावसातली फॉर्म्युला वनची शर्यत पाहिली तर डोळ्यांना पुरावा मिळतो. प्रत्येक गाडीच्या मागे पाण्याचा फवारा कारंज्यासारखा उंच उडत असतो, कारण गाडी हवा वर फेकत चाललेली असते.

ज्या गाडीची ही गोष्ट, तिचं कमीत कमी वजन नियमानं ६०५ किलो होतं, आणि तेही चालक आत बसलेला असताना. जुनी मारुती आठशे रिकामी उभी असली तरी याहून जड भरते. पण वेग दोनशेच्या बराच पुढे गेला की अशा गाडीला हवा तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोरानं खाली दाबते. म्हणजे हिशेबापुरतं बोलायचं तर तेवढ्या वेगात ती छताला उलटी धावू शकेल. पालीसारखी. धाकट्यानं वर कौलांकडे बघितलं. आमच्या वाशावर एक पाल असतेच.

हवा हे काम करते, पण मजुरी कापून घेते. पंख जितका मोठा आणि तिरका, तितकी गाडी जमिनीला घट्ट आणि तितकीच हवेत अडलेली. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो तोडायला इंजिनाची ताकद आठपट लागते. त्यामुळे गाडी तयार करणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं, वळणावर जिंकायचं की सरळ वाटेवर. मोनाकोसारख्या गल्लीबोळातल्या शर्यतीला मोठे पंख लावतात, इटलीतल्या मोंझाच्या लांबच लांब सरळ रस्त्यांना पात्यासारखे बारीक. आमचा बँकर घाटात राजा आणि सपाटीवर बिनकामाचा. लोणावळ्याच्या अंगाला पोचला की त्याला सोडवून परत खाली पाठवतात. अमुक इंजिन चांगलं की वाईट, हा प्रश्न कर्जतला कुणी विचारत नाही. ते कुठे लावणार, हे विचारतात.

*

तर गोष्ट २००९ सालची. गाडीचं नाव व्हीजेएम ०२, संघाचं नाव फोर्स इंडिया.

हा संघ मुळात आयर्लंडच्या एडी जॉर्डन यांचा. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला त्यांचा कारखाना होता आणि १९९१पासून त्यांच्या गाड्या शर्यतीत उतरत होत्या. २००५ साली याच संघाच्या पिवळ्या गाडीत बसून नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. मग संघ एका हातातून दुसऱ्या हातात गेला. २००७च्या अखेरीस तो विजय मल्ल्या आणि हॉलंडचे मिखिएल मोल यांनी घेतला. गाडीच्या नावातली तीन अक्षरं मालकांच्या घरातल्या नावांची. गाडीवर किंगफिशर हे नाव मोठ्या अक्षरांत होतं. किंगफिशर म्हणजे आपला खंड्या, उल्हास नदीच्या पाण्यावर तारेवर बसून मासा टिपणारा.

नातीनं विचारलं, "म्हणजे ती आपली गाडी होती?"

खरं ते सांगायला हवं. संघाचा परवाना भारताचा, नाव भारताचं, रंग पांढरा, केशरी आणि हिरवा. कारखाना इंग्लंडमध्ये, इंजिन मर्सिडीजचं, गिअरबॉक्स मॅक्लारेनकडून आलेला. एक चालक इटलीचा, जियानकार्लो फिसिकेला, दुसरा जर्मनीचा, अॅड्रियन सुटिल. आपल्या मातीतला माणूस त्या गाडीत नव्हता. तरीही आम्ही ती आपली मानली आणि मला त्यात काही चुकलंसं वाटत नाही. माणूस आपलं म्हणायला एवढासा धागाही पुरेसा धरतो.

आदल्या वर्षीच्या, २००८च्या गाडीला अठरा शर्यतींत एकही गुण मिळाला नव्हता. एकदा मिळता मिळता राहिला. मोनाकोला पावसात सुटिल चौथ्या जागेवर धावत होता, शर्यत संपत आली होती, आणि मागून येणारी किमी रायकोनेनची फेरारी घसरून त्याच्यावर आदळली. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

त्या हिवाळ्यात संघानं सगळंच बदललं. आधी फेरारीचं इंजिन होतं. नोव्हेंबर २००८मध्ये मर्सिडीज आणि मॅक्लारेनशी करार झाला, आणि मार्च २००९मध्ये पहिली शर्यत. अवघे चार महिने. इंजिन बदललं की गाडीचा मागचा अर्धा भाग पुन्हा आखावा लागतो, कारण या गाड्यांत इंजिन हाच गाडीचा कणा असतो. पुढे चालकाची बैठक, तिला मागे इंजिन बोल्टांनी जोडलेलं, इंजिनाला गिअरबॉक्स आणि त्याला मागची चाकं. जेम्स की आणि मार्क स्मिथ यांच्या हाताखालच्या लोकांनी ते चार महिन्यांत उभं केलं. आम्हाला शेडमध्ये एका इंजिनाची मोटार बदलायला लागायचे तेवढे दिवस आठवले की मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

त्या इंजिनाची एक गोष्ट पोरांना आवडली. २.४ लिटर, आठ सिलिंडर. नियमानं त्याला मिनिटाला १८,००० फेऱ्यांची मर्यादा होती. म्हणजे सेकंदाला ३०० फेरे. दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा पेट्रोल पेटतं, म्हणून आठ सिलिंडर मिळून सेकंदाला बाराशे स्फोट. 'एक' म्हणायला तोंड उघडून मिटेपर्यंत बाराशे. त्यांचा वेगळा आवाज कानाला कळतच नाही, एकच लांब किंचाळी ऐकू येते.

आणि चालक बसतो ती टोपली? तिच्या भिंती म्हणजे बाहेर-आत कार्बनच्या धाग्यांचे पातळ थर आणि मध्ये षटकोनी खणांची जाळी. घाटातल्या कड्यांना आग्यामोहोळं लोंबतात ना, त्यांच्या पोळ्यासारखी. कमीत कमी मेणात जास्तीत जास्त जागा आणि मजबुती कशी मिळवायची, हे माशीला कुणी शिकवलं नाही. माणसानं ते पोळ्यात पाहिलं आणि तीनशेच्या वेगात धडकणाऱ्या माणसाभोवती तेच लावलं.

*

२००९ साली नियमही बदलले होते. पुढचा पंख रुंद झाला, मागचा अरुंद आणि उंच. टायर पुन्हा गुळगुळीत झाले. गुळगुळीत टायरला पकड जास्त कशी, हे ऐकून धाकटा चक्रावला. कोरड्या रस्त्यावर रबराचा जितका भाग टेकेल तितकं बरं असतं, खाचा पाडल्या की तेवढं रबर वाया जातं. टायरला खाचा लागतात त्या पाण्यासाठी. पाणी बाहेर जायला वाट मिळाली नाही तर चाकाखाली त्याची पाचर बसते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगतं. पावसात म्हणून निराळे, खाचांचे टायर चढवतात. पण पाणी फार झालं तर तेही हरतात. त्या वर्षी एप्रिलमध्ये शांघायला हेच झालं. धो धो पाऊस, सुटिल सहाव्या जागेवर, शेवटच्या सहाएक फेऱ्या उरलेल्या. चाकं पाण्यावर उचलली गेली आणि गाडी भिंतीवर. पहिले गुण तिथेच वाहून गेले.

गाडीच्या तळाची लढाई वेगळीच होती. पंख दिसतात म्हणून त्यांच्याबद्दल सगळे बोलतात, पण अशा गाडीचा पुष्कळसा डाउनफोर्स तिच्या पोटाखाली तयार होतो. गाडीचा तळ रस्त्यापासून जेमतेम काही बोटं वर. त्या फटीत शिरलेल्या हवेला जागा कमी मिळते, म्हणून ती धावते. आमच्या पुलाखाली उल्हास खडकांत आवळली जाते तिथे पाणी कसं सुसाट जातं आणि पुढे पात्र रुंद झालं की निवांत होतं, तसंच. धावत्या हवेचा दाब उतरतो, वरची हवा नेहमीच्या दाबानं बसलेली असते, आणि गाडी खाली चेपली जाते. मागे तळ वर उचलत नेतात, म्हणजे हवेला नदीसारखं पसरायला जागा मिळते आणि पुढची हवा आणखी जोरानं खेचली जाते. त्या उचललेल्या भागाला डिफ्यूझर म्हणतात. ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या तीन संघांना नियमांत एक फट सापडली. त्यांनी डिफ्यूझरला वर आणखी एक मजला चढवला. बाकीच्यांनी तक्रार केली, पण १५ एप्रिलला अपिलात तो दुमजली डिफ्यूझर वैध ठरला. मग सगळेच आपापल्या गाडीचा तळ पुन्हा कापायला बसले. फोर्स इंडियाही.

हे सगळं आधी वाऱ्याच्या बोगद्यात तपासतात. तिथे गाडीची लहान प्रतिकृती जागच्या जागी उभी असते आणि वारा तिच्यावर सोडतात. तिच्या खालचा रस्तासुद्धा पट्ट्यासारखा मागे पळत असतो. नात म्हणाली, "म्हणजे लोकलमध्ये बसल्यावर झाडं पळतात तसं!" अगदी तसंच.

उन्हाळाभर गाडीत सुधारणा होत गेल्या. जुलैत जर्मनीला सुटिल सातव्या जागेवरून निघाला आणि चक्क दुसरा धावत होता. पेट्रोल-टायरसाठी थांबायचे त्या पिटमधून बाहेर पडताना त्याची टक्कर झाली. कुणाशी? रायकोनेनशीच. ऑगस्ट संपत आला तेव्हा या संघाच्या २९ शर्यती झाल्या होत्या आणि गुण शून्य.

*

आता स्पा.

बेल्जियममध्ये आर्डेन नावाचा डोंगराळ, रानाचा मुलूख आहे. तिथे स्पा-फ्रँकोरशाँ नावाचा शर्यतीचा रस्ता आहे. माथेरानच्या पायथ्याशी असतो तसा दाट हिरवा आणि पावसाचा नेम नसलेला. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सर, असं एकाच फेरीत होतं. एक फेरी ७.००४ किलोमीटरची, सगळ्या रस्त्यांत लांब, आणि तीत सुमारे शंभर मीटरचा चढउतार. सुरुवातीला रस्ता एका ओढ्यावर उतरतो आणि लगेच भिंतीसारखा वर चढतो. त्या ओढ्याचं नाव ओ रूज, म्हणजे लाल पाणी. लोहाच्या मातीनं तो तांबूस दिसतो, आपल्याकडे जूनच्या पहिल्या पुरात उल्हास दिसते तसा. त्या चढावरून वर आलं की केमेलची लांबलचक सरळ वाट.

या वाटेवर हवेत कमी अडणारी गाडी पुढे जाते. आणि व्हीजेएम ०२चा गुण हाच होता. आखूड वळणांच्या रस्त्यांवर तिला पकड कमी पडायची, पण सरळ वाटेवर ती हवा सहज कापत जायची, आणि मर्सिडीजचं इंजिन त्या काळात सर्वांत दमदार समजलं जायचं. वर्षभर चुकीच्या रुळावर लावलेलं इंजिन आज घाटाच्या तोंडाशी आलं होतं.

शनिवारी, २९ ऑगस्टला, पात्रता फेरी झाली. फिसिकेलानं १ मिनिट ४६.३०८ सेकंदांची फेरी मारली. दुसरा आला टोयोटाचा यार्नो ट्रुली, एक दशांश सेकंदाहूनही कमी अंतरानं. एकही गुण नसलेला संघ सगळ्यांच्या पुढे उभा राहणार होता. मुलगा तेव्हा कॉलेजात होता. तो मैदानातून धावत घरी आला आणि दारातूनच ओरडला, "आबा, फोर्स इंडिया पोलवर!"

रविवार, ३० ऑगस्ट. गणपतीचे दिवस. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. आळीत आरतीची तयारी चालली होती आणि आम्ही दोघं टीव्हीसमोर. मी तोवर त्या शर्यतीला गाड्यांचा कलकलाट म्हणायचो. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बसून पाहिली.

फिसिकेला सुटला तो पुढेच. मागे पहिल्याच फेरीत चार गाड्या एकमेकींत अडकल्या. त्यांत त्या वर्षीचा पुढे विजेता ठरलेला जेन्सन बटन आणि आदल्या वर्षीचा विजेता लुईस हॅमिल्टन दोघंही होते. वाट साफ होईपर्यंत सेफ्टी कार आली. म्हणजे सगळ्यांनी तिच्यामागे रांगेत हळू चालायचं, कुणी कुणाला ओलांडायचं नाही. त्या रांगेत फिसिकेलाच्या अगदी मागे लाल फेरारी येऊन चिकटली. सहाव्या जागेवरून निघालेली. आत रायकोनेन.

त्या फेरारीकडे एक वस्तू होती जी आमच्या गाडीकडे नव्हती. तिचं नाव केर्स. ब्रेक लावला की गाडीचा वेग कुठे जातो? ब्रेकच्या उष्णतेत. वाया. केर्स त्यातला थोडा वीज करून साठवतं आणि चालकानं बटण दाबलं की परत देतं. नातीला मी सांगितलं, तू ज्या कर्जत लोकलनं मामाकडे जातेस, तीही ब्रेक लावताना वीज तयार करून वरच्या तारेत परत सोडते. फेरारी ती तारेऐवजी पोटात ठेवायची. दर फेरीला सुमारे साडेसहा सेकंद, ऐंशी घोड्यांची जादा ताकद. एकूण ऊर्जा ४०० किलोज्यूल. हिशेब केला तर एवढ्यात ती गाडी चालकासकट ६७ मीटर उंच उचलता येईल, वीस मजली इमारतीएवढ्या उंचीवर. मग फोर्स इंडियानं ते का लावलं नाही? कारण त्या यंत्राचं वजन पंचवीस-तीस किलो, गुंतागुंत फार. इतर कितीतरी संघांनीही त्या वर्षी ते नाकारलं. बाकीच्या ठिकाणी तो निर्णय बरोबरच होता.

पाचव्या फेरीला सेफ्टी कार बाजूला झाली. ओ रूजच्या ओढ्यावरून दोघं एकामागे एक वर चढले. पुढची गाडी हवा फोडते आणि तिच्या मागे पातळ हवेची पोकळी राहते. मागच्याला तिच्यात कमी अडथळा. रायकोनेन त्या पोकळीत होता, वर त्याच्याकडे ती साठवलेली वीज. केमेलच्या सरळ वाटेवर तो बाहेर पडला आणि निघून गेला. एवढंच. सगळ्या शर्यतीतली ती एकच जागा.

त्यानंतरच्या चाळीस फेऱ्या मी विसरणार नाही. फिसिकेला मागे पडला नाही. पेट्रोल-टायरसाठी दोघं एकाच वेळी थांबले, एकाच वेळी निघाले, आणि पुन्हा तसंच, लाल गाडी पुढे, पांढरी मागे. फेरारीच्या मागे एवढं जवळ राहणं सोपं नसतं, कारण वळणावर पुढच्या गाडीनं ढवळलेली हवा पंखाला धड सापडत नाही. सरळ वाटेवर जी पोकळी मदत करते, तीच वळणावर पकड काढून घेते. तरी तो सुटला नाही. ४४ फेऱ्या, ३०८ किलोमीटर, म्हणजे सीएसएमटी ते कर्जत तीनदा, साधारण १ तास २४ मिनिटांत. शेवटी अंतर ०.९३९ सेकंद. सरासरी वेगानं मोजलं तर लोकलच्या तीन डब्यांहून थोडं कमी.

बाहेर झांजा सुरू झाल्या होत्या. मुलगा म्हणाला, "थोडक्यात गेलं." मी काही बोललो नाही. आठ गुण मिळाले होते, संघाचे पहिले, आणि तेही तिसाव्या शर्यतीत.

*

पुढचं थोडक्यात सांगतो. दोन आठवड्यांनी मोंझा, म्हणजे पुन्हा सरळ वाटांचा रस्ता. सुटिल दुसऱ्या जागेवरून निघाला आणि रायकोनेनच्या पाठोपाठ चौथा आला. त्या शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी, १ मिनिट २४.७३९ सेकंद, त्याच्या नावावर लागली. दुसऱ्या गाडीत आता फिसिकेलाच्या जागी विटँटोनिओ लिउत्सी होता, तो चांगला धावत असताना गाडीतल्या बिघाडानं बाहेर पडला. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलला सुटिल तिसऱ्या जागेवरून निघाला आणि पहिल्याच फेरीत धडकला. वर्षाअखेरीस १३ गुण, दहा संघांत नववा नंबर. वहीत लिहिलं तर ही मोठी कामगिरी दिसत नाही.

पण फिसिकेलाचं काय झालं ते ऐका. स्पाच्या शर्यतीनंतर फेरारीनं त्याला बोलावलं. त्यांचा फेलिपे मासा अपघातानं जखमी झाला होता. इटलीचा माणूस, इटलीची गाडी, पुढची शर्यत इटलीत. तो गेला. नात रागावली, "आपल्याला सोडून?" मला तिचा राग समजतो, पण लहानपणापासून जे स्वप्न पाहिलं ते दार उघडून समोर उभं राहिलं तर कोण नाही म्हणेल? तो फेरारीत बसून पाच शर्यती धावला. ज्या गाडीनं त्याला स्पाला हरवलं, तशीच गाडी. पाचही शर्यतींत एकही गुण नाही. ती गाडी रायकोनेनच्या हाताला बसलेली होती, फिसिकेलाच्या हाताला ती शेवटपर्यंत परकीच राहिली.

संघ पुढे वाढला. २०१६ आणि २०१७ साली चौथा आला. २०११मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला भारतातली पहिली ग्रां प्री झाली, तिथेही या संघाच्या गाड्या धावल्या. २०१८मध्ये तो पैशाच्या अडचणीत आला, दुसऱ्यांनी घेतला, नाव गेलं. सिल्व्हरस्टोनचा तो पत्ता मात्र आहेच. आज तिथे अॅस्टन मार्टिनच्या गाड्या बनतात.

नातीला एक गोष्ट मुद्दाम सांगितली. त्याच सिल्व्हरस्टोनला दर वर्षी फॉर्म्युला स्टुडंट नावाची स्पर्धा भरते. कॉलेजच्या मुलामुलींनी स्वतः आखलेली, स्वतः वेल्डिंग करून बनवलेली एका माणसाची गाडी घेऊन तिथे जायचं. परीक्षक आधी आखणीचा जाब विचारतात, मग गाडी पळवायची. विद्याविहारच्या सोमय्या कॉलेजचा ओरायन रेसिंग आणि पवईच्या आयआयटीचा संघ, दोन्ही कर्जत लोकलच्या वाटेवरच्या शहरातले, या कामात कितीतरी वर्षं मुरलेले आहेत. आयआयटीची मुलं तर विजेवरची गाडी बनवतात. अशा गाड्यांनाही उलटे पंख लावतात.

"त्यात मुली असतात?" तिनं विचारलं. असतात, मी म्हटलं.

ती उठून आत गेली. मला वाटलं, कंटाळली. ती दुसरा चमचा घेऊन आली. दोन्ही हातांत एकेक चमचा, सैल, पाठीला पाठ, मध्ये दोन बोटांची फट. "एक गाडीचं पोट," ती म्हणाली, "आणि हा रस्ता." धाकट्याला तिनं नळ सोडायला सांगितलं. धार त्या फटीतून खाली पडू लागली. तिनं चमचे हळूहळू जवळ आणले, आणि ते टण्णकन एकमेकांवर आपटले.

आतून आजीनं विचारलं, कोण पाणी घालवतंय. तिला ते ऐकूच आलं नाही. ती फट थोडी मोठी करून पुन्हा बघत होती, किती अंतरापर्यंत चमचे ओढले जातात ते.